ओट्याचे दगड

घराची जागा आमच्या ह्यांनी निवडली ती कापसाचं वावर निवडावं तशी. उकिडवे बसले, मूठभर माती उचलली, मुठीत दाबून पाहिली, नाकाशी नेली आणि खूश होऊन मला म्हणाले, "पाय वं, लोण्यावानी माती हाय." मी म्हटलं, "आपुन इथं पऱ्हाटी लावून राह्यलो का घर बांधून राह्यलो?" तर म्हणे, "जे माती एवढी पऱ्हाटी उभी करते, तिले एक भित उभी करता येत नाही काय?" पुढे कितीतरी वर्षं मी हे वाक्य त्यांना जेवताना ऐकवत असे. घास अडकायचा बिचाऱ्यांचा.

आमचं गाव घाटंजीच्या अलीकडे. आमचा जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात गेला होता आणि महाराष्ट्र व्हायचा होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. गावाला माती दोन प्रकारची. घरं वसली ती पांढरी आणि वावरं ती काळी. काळीत घर बांधू नये हे शेंबडं पोरगंही सांगेल. पांढरीत जागा उरली नव्हती हे खरं, पण गावाबाहेरच्या बंजारा तांड्याच्या अंगाला बरड होतं, नुसत्या मुरमाचं. तांड्याचा नायक स्वतः येऊन सांगून गेला की तिथं बांधा, घर हलणार नाही. ह्यांनी नाक मुरडलं. "त्या बरडात तीळ उगवत नाही, तिथं आपुन राहाचं?" कास्तकाराचा ताठा, दुसरं काय! गुडघाभर पाया खणला, दगडमाती भरली, वर मातीच्या भिंती, सागवानाचं आढं आणि कवेलूंचं छप्पर. गृहप्रवेशाला आमचे हे असे चालत होते, जसा काही किल्लाच जिंकला.

खरं सांगायचं तर घाई मलाही होती. मला माझ्या जावेच्या चुलीपासून सुटायचं होतं.

जाऊ म्हणजे माझ्या भासऱ्यांची, ह्यांच्या थोरल्या भावाची बायको, घरातली मोठी. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि आवाज असा की वेशीवरचा कुत्रा उठून बसे. मनानं वाईट नव्हती, हे आज म्हणते. तेव्हा मला ती डोळ्यांपुढे नको असे. कारण ऐकाल तर हसाल. मी केलेल्या वरणात ती पुन्हा मीठ घालायची. रोज. मी वरण उतरवलं की ती यायची, पळीभर तळहातावर घेऊन चाखायची, तोंड वाकडं करायची आणि चिमूटभर मीठ टाकायची. मी एकदा मुद्दाम जास्त मीठ घातलं. तिनं चाखलं, तोंड वाकडं केलं आणि तरीही टाकलं! त्या दिवशी घरातले सगळे पाणी पिऊन पिऊन बेजार झाले, आणि मी ह्यांना सांगितलं, वेगळं निघायचं असेल तर निघा, नाहीतर मी माहेरी चालले.

त्या जुन्या घराचा ओटा मात्र मला फार आवडायचा. दारापुढे लांबच लांब, काळ्या घडीव दगडांचा. माझ्या सासऱ्यांनी तो बांधला होता. संध्याकाळी जाऊ त्यावर पाय सोडून बसायची आणि अख्ख्या गल्लीचा कारभार तिथून चालवायची. कुणाची म्हैस आटली, कुणाची पोर नांदायला गेली नाही, कोण कुणाशी बोलत नाही, सगळे निवाडे तिथं. दगड दिवसभर तापलेले असायचे, आणि दिवेलागणीला त्यावर बसलं की कंबरेला कसा सुखद शेक मिळायचा. एका दगडावर पोरांनी वाघ-बकरीच्या खेळाच्या रेघा कोरल्या होत्या. मीही सुपारीचे तुकडे मांडून जावेशी तो खेळ खेळलेली आहे. ती खोटं खेळायची. तरी ते दिवस आठवले की अजून गलबलतं.

तर आम्ही वेगळे निघालो. नव्या घरात पहिल्या दिवशी मी वरण केलं, मीठ घातलं, आणि कुणी त्याला हात लावला नाही. मी जेवताना रडले. हे घाबरले, त्यांना वाटलं तिखट झालं.

पहिला उन्हाळा आला तशी काळी माती भेगाळली. वावरात भेगा पडतात त्याचं कुणाला काय वाटतं? बैलाचा पाय अडकू नये एवढं पाहायचं. पण एक भेग वावराच्या बांधावरून निघाली ती चालत चालत आमच्या घराशी आली आणि सरळ स्वयंपाकघराच्या भिंतीखाली शिरली. भिंतीला केसाएवढी चीर गेली. मी शेणामातीनं लिंपली. पावसाळ्यात माती फुगली, चीर मिटली, आम्ही निर्धास्त झालो. दुसऱ्या उन्हाळ्यात तिथून हात बाहेर जाऊ लागला. कोपरा खाली बसत चालला होता. चुलीपाशी बसून मला गावची वाट दिसायची, कोण बाजाराला चाललं, कोण परत आलं. ह्यांना दाखवलं तर म्हणाले, "हवा येते, बरंच हाय."

मी त्या भगदाडावर सूप टांगून ठेवलं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला जाऊ आली, पाटावर बसली, डाळ खाल्ली, पन्हं प्यायली, आणि सगळ्या बायांसमोर उठून सरळ ते सूप उचललं. उन्हाची तिरीप तिच्या तोंडावर पडली. "अवं लहाने," ती म्हणाली, "खिडकी केव्हा काढली वं? सांगितलं नाही!" बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मला वाटलं, या भेगेत धरणीमाय मला पोटात घेईल तर बरं. जाताना मात्र ती दारात थांबली आणि हळूच म्हणाली, "तुहे भासरे म्हन्तात, पानकाळाभर तिकडंच या. माजघराच्या मागची खोली रिकामीच हाय."

मी म्हटलं, "पाहू."

पाहू कसलं! जायचं नव्हतंच मला. एकदा माझी तवा-परात त्या घरात परत गेली असती, तर पुन्हा बाहेर निघणं नव्हतं. पावसाळा संपल्यावर हे म्हणाले असते, आता सुगी होऊ दे. सुगी झाल्यावर म्हणाले असते, आता लग्नसराई होऊ दे. त्यांना काय, ते भावाजवळ खुशीनं राहिले असते. माझी चूल गेली असती. हातात पळी धरून मी त्या भिंतीला बजावलं की पडशील तर खबरदार.

ह्यांनी आर्णीहून एक गवंडी आणला. कमरेला करवती काठाचं धोतर, तोंडात पान, आणि बोलणं अर्धं हिंदीत. त्यानं भिंतीभोवती फेरी मारली, पायानं माती उकरली आणि ह्यांना विचारलं, "पाटील, घर बांधलं का पेरलं?" मी आत तोंडात पदर कोंबून हसले. मग तो मला म्हणाला, "बाई, ये दीवार नहीं, झूला है." पण रस्ता त्यानं सांगितला. भिंत पाडायची नाही. भिंतीखाली मुरूम लागेपर्यंत खणायचं आणि खालून घडीव दगड नि चुन्याचा पक्का पाया वर आणून भिंतीला भिडवायचा. मात्र एकदम सगळं खणायचं नाही. दोन हात खणायचं, दोन हात सोडायचं. खणलेलं भरून घट्ट झालं की मग सोडलेलं खणायचं. "सारे दात एकदम उपटले तं मानूस जेवन कायनं?" असं तो म्हणाला आणि पानाची पिंक टाकून त्यानं चुन्याच्या फक्कीनं भिंतीलगत खुणा आखल्या.

चुना मुकुटबनकडून आला. गावात चुन्याची घाणी लागली, बैल गोल गोल फिरू लागला. त्या कोपऱ्यावरचे कवेलू आणि त्यांखालच्या बल्ल्या उतरवून ठेवल्या. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेली होती, कापसाची शेवटची वेचणी, उलंगवाडी, केव्हाच झाली होती, माणसं रिकामी होती. आमच्याकडे अशा कामाला सावड असते, आज तुम्ही माझ्याकडे, उद्या मी तुमच्याकडे. ह्यांनी शब्द टाकला आणि गावातले झाडून सगळे आले. तांड्यावरचेही आले. मी अंगणात गोवऱ्यांचा हारा पेटवला, कणकेचे पानगे भाजायला घातले, वांग्याची भाजी चढवली, मोठ्या गंजात वरण ठेवलं. जाऊ आपली परात घेऊन मदतीला आली होती. आल्या आल्या तिनं वरण चाखलं, तोंड वाकडं केलं आणि मीठ टाकलं. माझ्या घरात येऊन! मी गिळलं. माणसं काम करत होती, म्हणून गिळलं.

आता चूक कशी झाली ते ऐका. घाणीचा बैल अडला म्हणून गवंडी गावात गेला. तळाशी बसवायचे मोठे दगड खदानीवरून दुपारपर्यंत यायचे होते. मागे राहिली आमची माणसं, एका टोकाला गाववाले, दुसऱ्या टोकाला तांड्यावाले. कुणीतरी म्हणालं, पाहू कोणाचा मुरूम अगोदर लागते! झालं. कुदळी अशा चालल्या की बस. वावराचा बांध खणणारे हात ते, चर म्हटला की सलग. फक्कीची खूण कुठली आणि सोडलेली जागा कुठली! गाववाले ओरडत, तांड्यावाले त्यांच्या बोलीत गाणं म्हणत, आणि आमचे हे मध्ये उभे राहून दोघांनाही शाबासकी देत होते. मी लांबून पाहिलं आणि मलाही बरंच वाटलं की काय भराभर काम होऊन राह्यलं, बाई!

दोन्ही चर मध्ये येऊन मिळाले. सगळ्यांनी टोप्या उडवल्या. आणि मग भिंत करकरली.

तो आवाज मी विसरणार नाही. आतून, खोल, दाराची बिजागरी बोलते तसा. कोपऱ्यातून माती भुरभुरू लागली. तांड्यावरचा एक जण "याडी ये!" म्हणून आपल्या आईला हाक मारतच चरातून उडी मारून बाहेर आला, त्याच्यामागे सगळे. अख्खी भिंत त्या टोकापासून या टोकापर्यंत अधांतरी राहिली होती. गवंडी धावत आला, त्यानं ते पाहिलं आणि जी तोंडाची फैर झाडली! ती मला इथं लिहिता यायची नाही. आमच्या ह्यांना तर त्यानं बैलाच्याही खालचा दर्जा दिला. पण हातही चालत होते त्याचे. बैलबंडी उभी करून तिच्या दांड्या भिंतीला टेकवल्या, छपरावरून काढलेल्या सागवानी बल्ल्या लावल्या. मग तो म्हणाला, "मोठे गोटे आत्ता पाहिजेन. सांजच्या आत खाली गोटा गेला नाही तं भित जाते, आन् आढं घेऊन जाते."

खदानीच्या बंडीचा आस वाटेत मोडला, हा निरोप तेवढ्यातच यायचा होता.

हे डोक्याला हात लावून बसले. कुणी म्हणालं नदीवर जाऊ, कुणी म्हणालं मंदिरामागचे दगड आणू, तर दुसरा म्हणाला देवाचे दगड कसे आणता? नदीतले गोल गोटे गवंड्याला चालत नव्हते, त्याला सपाट, लांब, घडीव पाहिजे होते. मी हाऱ्याशी बसले होते. पानगे करपत होते आणि मला उठवत नव्हतं. मला नुसतं दिसत होतं की मी डोक्यावर परात घेऊन त्या गल्लीत शिरते आहे आणि ओट्यावरून जाऊ माझ्याकडे पाहते आहे. डोळ्यांतून धार लागली होती.

जावेनं भिंतीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. हाताची कणीक पदराला पुसली आणि गावाकडे चालू लागली. मनात म्हटलं, जा, खोली झाडून ठेवा आमच्यासाठी. तुमच्या मनासारखं झालं.

ऊन कलायला लागलं तेव्हा वाटेवर बंडीचा खडखडाट ऐकू आला आणि त्याच्यावरून तिचा आवाज. ती बैलांना झापत होती. बंडी जवळ आली तर जाऊ दगडांच्या ढिगावर बसलेली, केसांत धूळ, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. मागे आणखी एक बंडी. दगड काळे, घडीव, बसून बसून तुकतुकीत झालेले. मी पुढे झाले आणि मला त्या वाघ-बकरीच्या रेघा दिसल्या.

तिनं ओटा उपटून आणला होता. भासरे बाजाराला गेले होते, त्यांना विचारलंही नव्हतं.

"पाहून काय राह्यले? उतरवा!" ती माणसांवर खेकसली. मग माझ्याकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "घे वं लहाने. मले काही तुह्या हातचं अळणी वरण रोज खायचं नाही."

"मंग येऊ नका खायले!" मी म्हटलं. माझा आवाज फाटला होता, तरी म्हटलंच. माणसं हसली, आणि त्या हसण्यात सगळ्यांचे हातपाय पुन्हा हलू लागले.

गवंड्यानं एकेक दगड खाली बसवला, जिथं माती सोडायला हवी होती तिथंही दगडांचे खांब उभे केले, वर दगडाच्या चिपा ठोकून भिंतीला भिडवलं. शेवटची चीप आत गेली तेव्हा भिंत पुन्हा एकदा करकरली आणि गप्प झाली. करपलेले पानगे सगळ्यांनी आनंदानं खाल्ले. पुढच्या दिवसांत सावकाश, शहाण्यासारखं, चुना घालून बाकीचं काम झालं. पाया आणि काळी माती यांच्यामध्ये मुरूम भरला. रेघांचा दगड गवंड्यानं कोपऱ्यावर, जमिनीच्या जरा वर, दिसेल असा लावला. त्या भिंतीला पुन्हा चीर गेली नाही.

भासरे त्या दिवशी बाजारातून आले आणि सवयीनं ओट्यावर पाय ठेवायला गेले. तिथं खड्डा. कसे पडले असतील ते तुम्हीच समजून घ्या. त्यांनी नंतर मातीचा ओटा घातला, पण तो पावसात वाहून जायचा. जाऊ मग दारात पोतं टाकून बसू लागली. चार बाया यायच्या, पण जागाच नव्हती बसायला. गल्लीचा कारभार हळूहळू दुसऱ्या कुणाच्या तरी ओट्यावर गेला.

मी मात्र गावभर सांगत सुटले होते, "मी परत येऊ नये म्हणून देल्ले तिनं गोटे! दुसरं काही नाही." विहिरीवर, वावरात, कापूस वेचताना. बायांना मजा वाटायची, मलाही वाटायची.

पोळ्याच्या सुमारास तिची परात परत करायला गेले. सावडीच्या दिवसापासून माझ्याकडेच राहिली होती. ती माजघरात तूर पाखडत होती, म्हणाली, "मांग ठेवून दे खोलीत." मी माजघराच्या मागच्या खोलीत गेले. खोली पोतेरा घेतलेली, भिंतींना पांढरी माती सारवलेली. आणि कोपऱ्यात एक नवी चूल होती. दोन तोंडांची, कडेला भाकरी टेकवायला जागा असलेली, मी माझ्या घरी घातली आहे अगदी तशी. तिच्यावर काजळीचा डाग नव्हता. शेजारी कोनाड्यात मिठाची बरणी, भरलेली.

मी तशीच परात घेऊन बाहेर आले. "बाई, ते चूल कोनासाठी घातली?"

"कोनासाठी म्हंजे? तुह्यासाठी." सुपातून नजर न उचलता ती म्हणाली. "आखाजीच्या आंधीच घातलती. म्हनलं, येशील तं तुही तू रांधजो. मी हात लावत नाही."

घरात दोन चुली, एका छपराखाली, हे आमच्याकडे मेलेल्या घराचं लक्षण समजतात. भासऱ्यांपुढे, गावापुढे तिनं ते पत्करलं होतं.

"तुमाले मी याले पाहिजे होती," मी म्हटलं.

"हौ."

"मंग गोटे कायले देल्ले?"

तिनं सूप थांबवलं. "तू रडून राह्यलती न."

"मी नव्हती रडत. डोयात धूळ गेलती."

"हौ, धूळच," ती म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली.

मी परात ठेवली, पदर खोचला, त्या खोलीत जाऊन चूल पेटवली. नव्या चुलीचा धूर होतो, तो झाला. तिच्याच डब्यातली डाळ शिजवली, वरण केलं, मीठ घातलं. ती उंबऱ्याशी येऊन बसली. दोन्ही हात मांडीवर, घट्ट एकमेकांत. मी वरण उतरवलं तरी ती पुढे झाली नाही. चाखलंही नाही. भिंतीकडे पाहत राहिली.

मी बरणी तिच्यापुढे सरकवली.

"बाई," म्हटलं, "घाला."